मार्ला क्राउचच्या बारा पेट्या

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आमच्या हिकरी फोर्क गावात एक कुजबुज फिरत होती. मार्ला क्राउचला म्हणे प्रभू येशूच्या परत येण्याची तारीख कळली आहे. नाताळच्या आतली. त्या दिवशी मार्ला ढगांत उचलली जाणार आणि तिची चार वर्षांची टॅबी मात्र खालीच राहणार. म्हणून ती पोरीसाठी बारा वर्षांच्या अभ्यासाची पुस्तकं पेट्यांत भरून ठेवते आहे.

ही कुजबुज सुरू कोणी केली, ते तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते. मी केली. ओपल रस्क, वय तेव्हा अडुसष्ट, धंदा चौकशा.

त्याआधी एकतीस वर्षं मी गावच्या शाळेत स्वयंपाक केला. अर्धी काउंटी माझ्या हातचा कॉर्नब्रेड खाऊन वाढली. त्यामुळे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या बायकांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघायची. मिझुरीच्या आमच्या डोंगराळ भागात तेव्हा अशा आया बऱ्याच झाल्या होत्या. पायघोळ डेनिमचे स्कर्ट, मोठ्या व्हॅन, मागे पाच-सहा पोरं, आणि प्रत्येकाचं नाव पवित्र शास्त्रातून उचललेलं. मी त्यांना विचारायची, "काय गं, माझ्या बीन्स इतक्या वाईट होत्या का, की पोरं घरीच ठेवलीत?"

बाकीच्या कसनुसं हसायच्या. मार्ला म्हणायची, "बीन्स चांगल्या होत्या, मिस ओपल. तुमचा मीटलोफ खाऊन मी हा निर्णय घेतला." ती माझ्याच शाळेत शिकलेली, त्यामुळे तिला तो अधिकार होता.

दर मे महिन्यात या आयांचा जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा, आमच्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून दाराजवळच्या टेबलावरही मीच. एकीच्या मुलाचं गणित संपलं की ती पेन्सिलीची उत्तरं खोडून काढायची आणि पुस्तक दुसरीला विकायची. आतल्या पानावर चार-चार मुलांची नावं एकाखाली एक असायची. पुस्तक निवडण्यात मार्लाचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवख्या आया तिच्या मागेमागे फिरायच्या. ती पुस्तक उघडायची, मधलंच एखादं पान मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "हे ठेव खाली. ज्याने लिहिलं त्यालाच कंटाळा आला होता."

तिचा एक नियम होता. ती फक्त येत्या वर्षाची पुस्तकं घ्यायची. पुढच्या वर्षाचं एकही नाही. कोणी साठा करताना दिसली की म्हणायची, "देव रोजची भाकर देतो. तू आख्खी बेकरी कशाला उचलतेस?" हे तिने इतक्या जणींना ऐकवलं होतं, की त्या मे महिन्यात तिने जे केलं ते पाहून सगळा हॉल गप्प झाला.

तिचा नवरा डेल विहिरी खोदतो. उंचापुरा, अबोल माणूस. त्याने सफरचंदाच्या बारा रिकाम्या लाकडी पेट्या ट्रकमधून उतरवून आत आणल्या. प्रत्येकीवर खडूने आकडा, एक ते बारा. आणि मार्ला टेबलांमधून फिरत पहिलीच्या अक्षरओळखीपासून बारावीच्या रसायनशास्त्रापर्यंत पुस्तकं भरत सुटली. तिची जुनी पुस्तकं दोन वर्षांपूर्वी ओढ्याच्या पुरात भिजून गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिचा एझ्रा तेरा वर्षांचा, लिडिया दहाची. पहिलीची पुस्तकं लागणार ती एकट्या टॅबीला, आणि तीही अजून दोन वर्षांनी.

"मार्ला," मी म्हटलं, "आख्खी बेकरी?"

ती फक्त हसली. टॅबी सातव्या पेटीत बसली होती. तिला तिथून उचलून तिने त्या पेटीत भूगोल ठेवला.

आता ऑगस्टकडे येते. मार्ला फार वाळली होती, आणि तिची कातडी पिवळट दिसायला लागली होती. या घरी शिकवणाऱ्या बायकांना गाजराच्या रसाचं भारी वेड, त्यामुळे पिवळेपणाचा खुलासा मी तेवढ्यातच केला. वाळली होती ती उपासांमुळे, हेही मीच ठरवलं. प्रश्न एवढाच होता, की उपास कशासाठी? तो मला झोपू देईना. मी गूजबेरीची पाई, म्हणजे आत आंबटगोड फळं भरलेला रोट, भाजली आणि त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हाताने गेलं तर त्याला नाक खुपसणं म्हणतात. पाई घेऊन गेलं की ती भेट होते.

दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर दुसरी पेटी, शेजारी टेपरेकॉर्डर, आणि मार्ला त्याच्यासमोर गोष्टीचं पुस्तक धरून वाचत होती. कोल्ह्याचा आवाज वेगळा, कोंबडीचा वेगळा. पान संपलं की ती चमचा काचेच्या बरणीवर हलकेच वाजवायची. टिंग. आणि मग म्हणायची, "पान उलट, टॅबी."

टॅबी तिथे नव्हती. ती बाहेर अंगणात कुत्र्याला टोपी घालत होती.

मी खाकरले. मार्लाने बटण दाबून टेप थांबवली. "मिस ओपल! तुमचं खाकरणंही आलं टेपमध्ये. आता ही पोरगी मोठेपणी विचारेल, कोंबडीला काय झालं?"

ती पाई कापायला आत गेली. आणि मी... मी जे केलं ते तुम्हीही केलं असतंत. मी चौथ्या पेटीतलं गणित उघडलं. आत पानापानाला चिठ्ठ्या होत्या, मार्लाच्या बारीक तिरप्या अक्षरातल्या.

"टॅबी, हा पाठ कंटाळवाणा आहे. मलाही वाटला होता. तरी कर, आणि मग झोका घे."

"इथे तुला रडू येईल. भागाकाराने सगळ्यांनाच येतं. लिडियाला सांग, ती हसणार नाही. हसली तर हे पान तिला दाखव: लिडिया, लाज वाटू दे."

इतिहासात होती: "हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. या राजाच्या नाकाबद्दल आहे तिथे त्यांना हसू येईल. त्यांच्याकडे बघू नकोस, ते लपवतात."

मी पुस्तक मिटून जागच्या जागी ठेवलं. पाई खाल्ली. घरी आले. तिने स्वतः एक तुकडाही तोंडात घातला नव्हता, हे मला दिसलं होतं. ते मी उपासाच्या खात्यात टाकलं.

आमच्या मंडळीत कोणी कोणाची निंदा करत नाही, ते पाप आहे. आम्ही प्रार्थनेची साखळी चालवतो. कोणावर संकट आलं की पहिली बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, आणि तासाभरात चाळीस घरं गुडघ्यांवर. साखळीचं पहिलं टोक म्हणजे ज्यूएल पीव्ही, आमच्या डीकनची, म्हणजे मंडळीतल्या वडीलधाऱ्याची बायको. मी तिला फोन केला.

"ज्यूएल, मार्ला क्राउचसाठी प्रार्थना कर."

"अगं बाई! काय झालं?"

"झालं काही नाही. होणार आहे. तिने तारीख काढली आहे."

"कसली?"

मी गप्प राहिले. गप्प कधी राहायचं हे मला चांगलं कळतं.

"नाही! प्रभूची?" ज्यूएल म्हणाली. "ओपल, शपथ?"

"शपथ घेणं आपल्यात बसत नाही. मी फक्त पाहिलं ते सांगते. बारा वर्षांची पुस्तकं, आत चिठ्ठ्या, आणि सगळ्या एकट्या टॅबीच्या नावाने. एका पेटीवर तर खडूने लिहिलंय, 'नाताळच्या आत'. आई जाणार, पोरगी राहणार, असंच सगळं लिहिलंय."

ज्यूएलचा श्वास मला तारेतून ऐकू आला. ही गंमत परक्याला कळायची नाही. आम्ही मानतो की प्रभू येईल तेव्हा आपल्या लोकांना वर घेईल, आणि लहान लेकरं तर सगळ्यात आधी. तारीख काढणं हाच मोठा अपराध. त्यात आपलं चार वर्षांचं लेकरू प्रभू इथेच टाकून जाईल असं मानणारी आई म्हणजे दुप्पट. आमच्या जागी दुसरं कोणीही असतं तर त्या चिठ्ठ्या वाचून सरळ अर्थ लावला असता. आम्ही आयुष्यभर ढगांकडे बघत बसलेली माणसं. आम्हाला आई लेकराला सोडून जाण्याचा एकच रस्ता सुचला.

साखळी संध्याकाळच्या जेवणाआधी पूर्ण झाली.

आठवड्याभरात ज्यूएलचा नवरा, ब्रदर हार्लन पीव्ही, मार्लाला समज द्यायला निघाला. बाईमाणसाच्या घरी जायचं, तर सोबत बाई हवी म्हणून मला घेतलं. मी नाही म्हटलं असतं, तर ती मी नव्हेच.

मार्ला सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती, ऑगस्टच्या उकाड्यात. डेल तिच्यामागे उभा. मुलांना तिने ओढ्यावर पाठवलं होतं. हार्लन बिचारा भला माणूस. टोपी गुडघ्यावर फिरवत बसला.

"सिस्टर मार्ला, मंडळीत एक गोष्ट ऐकू येते आहे."

"साखळीवरून?"

"हो म्हण. तर... तारीख तू कुठून काढलीस?"

"मी काही काढली नाही, ब्रदर हार्लन. दिवस मला ठाऊक नाही."

"हे चांगलं झालं." त्याला हायसं वाटलं. "मग ही पुस्तकं?"

"तयार राहा, असं तुम्हीच दर रविवारी सांगता ना?"

"पुस्तकांनी नव्हे गं! बरं, ते जाऊ दे. एवढंच सांग, म्हणजे मी सगळ्यांची तोंडं बंद करतो. टॅबी मागे राहणार, असं तुला खरंच वाटतं का?"

मार्ला आयुष्यात खोटं बोलली नव्हती. माझा मीटलोफ चांगला होता असंही ती कधी म्हणाली नाही. ती खिडकीतून ओढ्याकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "टॅबी मागे राहील."

डेल वळला आणि बाहेर निघून गेला. जाळीचं दार मागे आपटलं. मी खिडकीतून पाहिलं, तो ट्रकच्या दाराला कपाळ टेकवून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती. मला वाटलं, रागाने. गाडीत बसल्यावर मी हार्लनला म्हटलंसुद्धा, "नवऱ्यालाही पटलेलं नाही, बघ."

हार्लनने जाताना प्रार्थना केली, की प्रभू या भगिनीला भ्रमातून सोडव. मार्लाने डोळे मिटून "आमेन" म्हटलं.

त्यानंतर बायका तिच्याकडे जाईनाशा झाल्या. मुलांना एकत्र जमवून शिकवायचा त्यांचा शुक्रवार असायचा, त्यातून तिची निसर्गवहीची तासिका काढून घेतली. ती रागावली नाही. तो वेळही तिने पेट्यांना दिला.

आता त्या निळ्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं.

ओढ्याच्या पुरात मार्लाची जी पुस्तकं गेली, त्यांत एक जाडजूड निळं पुस्तक होतं. नदीवर तराफा चालवणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट. त्यांचं मॅग नावाचं खेचर काही केल्या तराफ्यावर चढत नाही. मार्लाने ते एझ्रा आणि लिडियाला दोनदा वाचून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून त्या घराची ती भाषाच झाली होती. व्हॅन सुरू करताना डेल विचारायचा, "खेचर चढलं का?" आणि मागून मुलं ओरडायची, "शेपूट राहिलंय!" चर्चच्या आवारात मी हे कितीदा ऐकलं. टॅबीही ओरडायची, पण कशाबद्दल ओरडतोय हे तिला ठाऊक नव्हतं. ती पुराच्या वेळी दोन वर्षांची होती.

ते पुस्तक छापणं कधीच बंद झालेलं. बाजारात मिळालं नाही, वाचनालयाने तीन राज्यांत विचारलं, तिथेही नाही. एक प्रत होती. माझ्याकडे. माझ्या धाकट्या बहिणीची, दिवाणखान्याच्या कपाटात, वर चिनीमातीचा ससा.

सप्टेंबरच्या शेवटी मार्ला माझ्या ओसरीवर आली. पायऱ्या चढताना दोनदा थांबली. मी शेंगा सोलत होते.

"मिस ओपल, ते निळं पुस्तक मला द्याल? विकत द्या, नाही तर महिनाभरासाठी द्या. सहाव्या पेटीत तेवढीच एक जागा रिकामी आहे."

"सहावी म्हणजे टॅबी अकराची होणार तेव्हा. एवढी घाई कसली?"

"मला ते आधी वाचायचं आहे. चिठ्ठ्या घालायच्या आहेत. टेपही करायची आहे, खेचराचा आवाज एझ्राला जमत नाही."

मी तिला तेव्हाच पुस्तक द्यायला हवं होतं. कपाट दहा पावलांवर होतं. पण ती साखळी सुरू केलेली मी, आणि समोर ती बसलेली. थट्टा जिभेवर आली की मी ती गिळू शकत नाही, कधीच शकले नाही.

"नाताळ होऊ दे," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी सकाळी ये आणि घेऊन जा. तोवर तू इथेच असलीस, तर!"

आणि मी हसले. मोठ्याने.

मार्ला माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिने माझ्या टोपलीतून एक शेंग उचलली, सोलली, दाणे टोपलीत टाकले.

"मग राहू द्या," ती म्हणाली.

एकोणीस नोव्हेंबरला ती गेली, थँक्सगिव्हिंगच्या आठ दिवस आधी. सकाळी ज्यूएलचा फोन आला. साखळीवर आलेली ती एकच खबर, जी मला आधी माहीत नव्हती.  डेलने हार्लनला सगळं सांगितलं होतं, फेब्रुवारीपासूनचं. मुलांना कळू द्यायचं नव्हतं म्हणून त्यांनी मंडळीत शब्द काढला नव्हता. मार्लाचं म्हणणं होतं, साखळीवर घातलं की तिसऱ्या दिवशी ते माझ्या मुलांच्या डोळ्यांत दिसेल. त्यांचं एक वर्ष तरी नेहमीसारखं जाऊ दे.

मार्लाला पुरून आल्यावर सगळ्या बायका क्राउचांच्या स्वयंपाकघरात जेवणाची झाकलेली भांडी मांडत होत्या. मी बीन्सचं भांडं ठेवलं, आणि कोटाआड लपवलेलं निळं पुस्तक घेऊन मागच्या खोलीत गेले. बारा पेट्या भिंतीशी ओळीने. सहावीत पुस्तकाच्या मापाची फट होती. मार्लाने तिथे पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून ठेवला होता, शेजारची पुस्तकं कलंडू नयेत म्हणून. मी तो काढला आणि पुस्तक सरकवलं. बरोबर बसलं.

डेलला आमच्या चर्चचे पास्टर म्हणाले, आता मुलांना शाळेत घाल, कोणी काही म्हणणार नाही.

डेल म्हणाला, "पेट्या भरलेल्या आहेत."

टॅबीला वाचायला लिडियाने शिकवलं. पण त्याआधी दोन वर्षं ती टेपवरच वाचायची. मी बुधवारी बीन्स द्यायला जायची, आणि जाळीच्या दाराबाहेरूनच तो आवाज यायचा. कोल्हा, कोंबडी, माझं खाकरणं. टिंग. "पान उलट, टॅबी." आणि पान उलटल्याची सळसळ. मी भांडं पायरीवर ठेवून परत यायची.

वर्षं गेली. पेटीमागून पेटी उघडत गेली. लिडिया सांगायची, टॅबी दर सोमवारी नव्या पुस्तकातल्या चिठ्ठ्या आधी मोजते, पण वाचत नाही. तो पाठ आला की मगच वाचते. पुढच्या दिवसाची चिठ्ठी आज वाचायची नाही, हा नियम तिने स्वतःच केला होता. कोणाची लेक ते सांगायला नको.

अकराव्या वर्षी, सप्टेंबरात, ती माझ्या ओसरीवर आली. आईसारखेच खांदे. हातात निळं पुस्तक.

"मिस ओपल, यात एकही चिठ्ठी नाही."

मी शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

"एझ्रा म्हणतो, आईचं सगळ्यात आवडतं पुस्तक हेच. टेपही नाही. तिला वेळ मिळाला नसेल का? पण बाराव्या पेटीतही चिठ्ठ्या आहेत. मी बघितलं, वाचल्या नाहीत, फक्त आहेत का ते बघितलं. मग हेच कसं राहिलं? आतल्या पानावर तुमच्या बहिणीचं नाव आहे, म्हणून विचारते."

पंचाहत्तर वर्षांची झाले होते मी. एखादी गोष्ट सजवून सांगण्यात या काउंटीत माझ्यासारखी दुसरी नाही. त्या दिवशी मी न सजवता सांगितली. साखळी, हार्लन, शेंगा, नाताळ, माझं हसणं. सगळं.

 संपल्यावर तिने विचारलं, "ती काय म्हणाली?"

"मग राहू द्या, म्हणाली."

टॅबीने पुस्तक टोपलीशेजारी ठेवलं, अगदी सावकाश, जसं पुस्तक ठेवायला त्यांना शिकवलं होतं.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. "थँक यू, मिस ओपल."

खाली रस्त्यावर डेलची व्हॅन उभी होती. ती बसली. काच खाली होती. मी कान देऊन ऐकत होते, डेलने विचारलं, "खेचर चढलं का?" मागून काहीच आलं नाही. मग व्हॅन निघाली.

आता ती कुजबुज जिथून निघाली, तिथलं खरं काय ते लिहून ठेवते. मार्ला क्राउचने कुठलीही तारीख काढली नव्हती. त्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की कर्करोग यकृतात पसरला आहे आणि ती नाताळपर्यंत जगणार नाही. तिची धाकटी मुलगी चार वर्षांची होती आणि तिला अजून वाचता येत नव्हतं.